उतारावरचं बंद इंजिन

बाबांच्या शेजारी गाडीत बसले, की मिठबावपासून कसालपर्यंत माझा पाय माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहायचा. कारण उतार लागला की बाबा इंजिन बंद करायचे. चावी जराशी मागे फिरवायची आणि गाडी आपली सोडून द्यायची. चाळीस वर्षं त्यांनी आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो असाच चालवला. टोकलं की रस्त्याकडेच्या नारळाच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणायचे, "पेट्रोल काय माडार लागता?" टेम्पो गेला, सत्तरीत मी त्यांना छोटी गाडी घेऊन दिली, तरी सवय तीच.

माझी वीस वर्षांची लेक सावंतवाडीला शिकते आणि स्कूटर अक्षरशः उडवते. तिला मी रोज फोनवर झाडायची. हेल्मेट घातलं होतंस का? किती वेगात होतीस? एकदा तर पाहुण्यांसमोर तिच्या हातातून चावी काढून घेतली. काळजी करायची ती तरुणांची, हे माझं पक्कं गणित.

मग सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने मला बाजूला घेऊन सांगितलं, उतारावर इंजिन बंद करू नका. या गाडीचा ब्रेक मग दोन-तीनदा लागतो आणि नंतर दगड होतो. स्टिअरिंगही जड पडतं.

घरी आले, तर बाबा अंगणात उभे. गाडी हातात येताच कौतुकाने काच पुसायला लागले. इतके खुशीत होते, की मेकॅनिकचं बोलणं मी सांगितलंच नाही. उद्या सांगू, म्हटलं. बापाला गाडी कशी शिकवायची? दोन महिने मी जीव मुठीत धरून शेजारी बसले आणि गप्प राहिले. लिहितानाही लाज वाटते.

मग एका सकाळी उतारावर इंजिन बंद होतं आणि वळणाआड एसटी थांबली होती. बाबांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, मग त्यावर जवळजवळ उभेच राहिले. गाडी थांबेना. दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून त्यांनी ती उजवीकडच्या चिऱ्याच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर घातली, स्वतःच्या बाजूने. मला ओरखडाही नाही. त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या, मनगटही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात लेक खाटेशी बसून विचारत होती, "आजोबा, ब्रेक लागलो कसो नाय?"

मला राहवेना. "बाबा, मेकॅनिकान माका आधीच सांगलेल्यान. तुमका वायट वाटात म्हणान मी बोलाक नाय."

बाबांनी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. श्वास घेताना दुखत होतं, म्हणून थांबत थांबत बोलले.

"तिका रोज बोलतंस. मी तुजो कोणच नाय काय गो?"