ब्रेकवरचा खटका

ती लाल रंगाची गवत कापायची गाडी आजही माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहते. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. मी कागलच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एका कारखान्याचं विश्रामगृह होतं. त्याच्यापुढे उतारावर मोठी हिरवळ होती आणि तिच्यासाठी मालकांनी परदेशातून ही गाडी मागवली होती. चालकानं सीटवर बसायचं, खाली पाती फिरतात, गवत कापत गाडी पुढे जाते.

एका सकाळी ही गाडी चालकाविना उतारावरून खाली गेली आणि तण काढत बसलेल्या बाईच्या पायावर चढली. पाय घोट्यापासून गेला. चालक पाण्याचा पाइप बाजूला करायला खाली उतरला होता. हँडब्रेक न लावताच तो उतरला, अशी फिर्याद विश्रामगृहाच्या मॅनेजरनं दिली. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि चालकाला अटक झाली.

मी जागेवर गेलो. बाईचा पाय सोडवताना लोकांनी ब्रेक आणि दांडा हलवून गाडी मागे ढकलली होती, त्यामुळे ब्रेकची मूळ स्थिती कळायला मार्ग नव्हता. मॅनेजर बोलण्यात हुशार. त्यानं बाजूचं झाकण उघडून मला यंत्र समजावलं.

"साहेब, हँडब्रेक ओढला की हा लोखंडी खटका आत पडतो. मग गिअरचा दांडा न्यूट्रलमध्येच अडकतो. ब्रेक लागलेला असताना गाडी हलूच शकत नाही. म्हणजे यानं ब्रेक लावलाच नव्हता."

त्यानं करूनही दाखवलं. दांडा खरोखरच हलेना. सगळं सरळ दिसत होतं.

ठाण्यात येऊन मी चालकाला समोर बसवलं. पन्नाशीचा, आधी ट्रॅक्टरवर काम केलेला माणूस. रडारड नाही की आरडाओरड नाही.

"ब्रेक वडलाच हुता साहेब. इंजान चालू हुतं, पर ब्रेक वडून, दांडा मधी करूनच उतरलो."

"मग खटका पडायला हवा होता."

"कसला खटका?"

मी समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली. "असलं काय त्या गाडीत न्हाय. मी कामाला लागल्यापासनं तरी बघितलं न्हाय."

खोटं बोलणारा माणूस बहुधा स्वतःच्या बचावापुरतं बोलतो. हा तर मॅनेजरनं दाखवलेली वस्तूच नाकारत होता. पकडलं जाईल असं खोटं कुणी कशाला बोलेल? माझ्या मनात तिथे पहिली शंका आली.

जखमी बाईचा जबाब घ्यायला मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिला सगळे आक्का म्हणत. ग्लानी होती, पण बोलणं ठाम.

"आक्का, त्यानं ब्रेक लावला होता का, सांगता येईल?"

"लावला हुता की. उतरताना कर्रकन आवाज येतोय त्या ब्रेकचा. रोजचा आवाज हाय. त्या दिशी बी आला."

"नक्की?"

"माझा पाय गेला म्हणून त्याच्यावर खोटं घालू व्हय, साहेब?" थोडं थांबून ती म्हणाली, "आन् गाडीची दुरुस्ती बघणारा फोरमन पाना घिऊन गाडीखाली कशाला शिरलाता, ते बी इचारा की. मला जीपमधी घालत हुते तवा बघितलं मी."

मी तडक परत गेलो. 'साध्या अपघातासाठी एवढा खटाटोप कशाला' असा वरून निरोप आला होता. तो ऐकून घेतला आणि पंचांसमोर गाडी जप्त केली. झाकण काढून टॉर्च मारला. आतला प्रत्येक भाग वाळलेल्या गवतानं आणि काळ्या ग्रीसनं माखलेला. खटका मात्र स्वच्छ. त्याच्यावरचा मूळ रंगही शाबूत होता. खटका ज्या खाचेत पडायचा, ती खाच आतून गंजलेली होती. रोज त्यात लोखंड घासत असतं तर गंज धरलाच नसता.

फोरमनला बोलावलं. मी आवाज चढवला नाही. चहा दिला, गाडीची देखभाल कशी करतो ते विचारलं. तो मोकळेपणानं बोलत गेला. मग त्याला गाडीजवळ नेलं आणि विचारलं, "रोज गवत कापणाऱ्या गाडीत एवढ्या एकाच भागाला गवताची काडी चिकटलेली नाही. का, ते तुम्हीच सांगा."

त्याच्या हातातली टोपी खाली पडली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"मी लई दिवसांमागंच काढून ठेवलाता साहेब. सारखा अडकायचा, काम थांबायचं. मॅनेजर म्हणाले, काढून टाक. अपघात झाल्यावर तेच म्हणाले, बसवून टाक."

पॉलिटेक्निकच्या एका प्राध्यापकांना बोलावून आम्ही खटका काढून चाचणी घेतली. ब्रेक लावलेला, इंजिन चालू. थरथरीनं दांडा हळूहळू सरकला, गिअर पडला आणि इंजिननं ब्रेक लावलेली गाडी ओढून नेली. पंच दोन पावलं मागे सरले. आमचा हवालदार, ज्यानं पहिला गुन्हा नोंदवला होता, तो इतकंच म्हणाला, "साहेब, माणूस खरं बोलत हुता की."

चालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत आणि पुरावा दडवणं, या आरोपांखाली मॅनेजरवर दोषारोपपत्र गेलं. फोरमननं कोर्टात खरं सांगितलं. निकालाला वेळ लागला, पण मॅनेजरला शिक्षा झाली आणि आक्काला भरपाई मिळाली.

या तपासाचा मला अभिमान आहे आणि तो सांगायला मला संकोच वाटत नाही. खुनाचे, दरोड्याचे गुन्हे मी उघड केले, त्यांची बक्षिसंही मिळाली. पण 'चालकाचा हलगर्जीपणा' हे तीन-चार सेकंदांत लिहिता येणारे शब्द त्या दिवशी आमच्या ठाण्यानं खोडले. त्यानंतर यंत्राच्या कुठल्याही अपघातात मी आधी हेच विचारत आलो, की सुरक्षेसाठी इथे काय बसवलं होतं, ते कुणी काढलं आणि कुणाच्या सांगण्यावरून.

माझ्या अहवालावरून सुटका झाली, त्या दिवशी चालक घरी गेला नव्हता. त्यानं मला दवाखान्यात सोडायला सांगितलं. मी जीपनं नेलं. आक्काच्या खाटेपाशी तो मान खाली घालून उभा राहिला.

आक्कानं पाय नसलेल्या बाजूची चादर सारखी केली आणि तिथे हात आपटून म्हणाली, "बस की हितं. जागा हाय."