नववी ओळ

ओवेरीच्या मोटारतळावर उगोयेच्या टेबलापुढून गेल्याशिवाय लेगोसची गाडी हलत नसे. एकोणीस वर्षं ती प्रवाशांची यादी लिहीत होती. एका गाडीला चौदा ओळी. प्रत्येक ओळीत प्रवाशाचं नाव, जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि त्याचा फोन नंबर. स्वतःचं नाव लोक खुशीत सांगत, नातेवाइकापाशी आले की तोंड वाकडं. आपल्या मरणाची बातमी कोणाला कळवायची, हे सकाळी सकाळी कोण सांगणार? ते नाव सांगणं म्हणजे मृत्यूला घरचा पत्ता देणं, असं आमची माणसं मानतात. म्हणून निम्मे लोक नातेवाईक म्हणून सरळ येशूचं नाव सांगत.

"बरं. येशूचा नंबर सांग," उगोये पेन रोखून म्हणे.

"आंटी, त्याला नंबर कशाला लागतोय?"

"त्याला नाही, मला लागतो. तू रस्त्यावर आडवा पडलास की पोलीस मला विचारतात. बायकोचा दे."

लोक हसत आणि नंबर देत. काही जण खोटाच देत. अशाच एका खोट्या नंबरामुळे पूर्वी एक तरणाताठा सुतार वीस दिवस शवागारात पडून राहिला आणि शेवटी बेवारशांच्या खड्ड्यात गेला. त्याची आई दोन महिन्यांनी फोटो घेऊन तळावर आली होती. तेव्हापासून नाव नाही तर जागा नाही, हा उगोयेचा कायदा. ड्रायव्हरसुद्धा तिला वचकून असत.

अशा बाईला विमानाची भीती असावी, हे ऐकून लोकांना हसू येई. पण तिचं गणित पक्कं होतं. तिचा नवरा तीस वर्षं याच रस्त्यावर गाडी चालवून अखेर तापाने अंथरुणात गेला. म्हणजे रस्ता कोणाला मारत नाही. आणि सात वर्षांपूर्वी एक विमान पडलं, तेव्हा मेलेल्यांचे फोटो पानभर छापून आले होते. ते पान तिने घडी करून बायबलमध्ये ठेवलं होतं. त्यातल्या एकाही माणसाला ती ओळखत नव्हती, तरी दरवर्षी त्यांच्यासाठी रडत होती.

"गाडी उलटली तर एखादा तरी सांगायला परत येतो," ती म्हणे. "वर काय आहे? धरायला फांदीसुद्धा नाही."

तिची एकुलती एक मुलगी ओबिओमा लेगोसला नर्स होती. ती सुट्टीला आली की हाच वाद.

"आई, गेल्या वर्षी या टेबलावरून किती घरी फोन केलेस?"

"ते मोजायचं नसतं."

"मी मोजलेत. एकतीस. विमान पडलं एकदा, सात वर्षांपूर्वी. त्याचे फोटो जपून ठेवतेस आणि या एकतीस जणांचं काय?"

"ते माझे प्रवासी होते. तू माझी मुलगी आहेस. विमानात पाय ठेवलास तर माझ्या अंत्ययात्रेला येऊ नकोस."

 मग ओबिओमा गाडीचंच तिकीट काढी.

तिची सुट्टी संपली त्या मंगळवारी उगोयेने स्वतःच्या हाताने नवव्या ओळीत मुलीचं नाव लिहिलं, त्यापुढे स्वतःचं. चौदा ओळी भरल्या. तेवढ्यात पिवळा रुमाल बांधलेली एक बाई पामतेलाचा डबा उराशी धरून धापा टाकत आली.

"आंटी, मलाही घ्या. नवरा लेगोसच्या तळावर वाट बघतोय. मी डब्यावर बसेन."

"पंधरावी ओळ नाही माझ्याकडे. दुपारच्या गाडीने जा." उगोयेने मान वर करून पाहिलंही नाही.

सात वाजता गाडी सुटली. नऊला इहिआला गावाच्या अलीकडे वाळूच्या ट्रकवर आदळली. दहाला उगोयेचा फोन वाजला. पलीकडचा पोलीस मेलेल्यांच्या कपड्यांतून तिकिटं काढून, त्यांवरचे नंबर ड्रायव्हरकडच्या यादीच्या प्रतीशी जुळवून बोलत होता.

"नऊ नंबर. ओबिओमा. तुम्ही कोण लागता?"

 उगोयेने मुलीला फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तोवर रेडिओवर ऐकून लोक तळावर जमले होते आणि यादी तिच्याच हातात होती. तिने ती मोठ्याने वाचली. नवव्या ओळीला आवाज फाटला, पण तीही वाचली.

गर्दीतून काठी टेकत एक म्हातारा पुढे आला. "पोरी, माझी अकुओमा आहे का त्यात? सकाळी इथूनच लेगोसला नवऱ्याकडे जाणार होती."

उगोयेने बोट फिरवून पाहिलं. "नाही, पापा. हे नाव नाही."

"नीट बघ."

"माझी यादी चुकत नाही."

म्हातारा तिथेच धुळीत गुडघे टेकून देवाचे आभार मानू लागला. नऊ नंबर हिचीच मुलगी, असं कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा शरमून उठला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "मी अवो-ओमामाचा लायनस. चर्चमागे घर आहे. तुझ्यासाठी प्रार्थना करीन." उगोयेला त्या क्षणी त्याचा भयंकर हेवा वाटला.

इहिआलाच्या शवागारात सात जण ओळीने ठेवले होते. नऊ नंबरच्या तोंडावरचं कापड तिथल्या माणसाने बाजूला केलं. उगोयेने पाहिलं आणि ती मोठ्याने हसली. नाचायचीच बाकी होती. ही तिची मुलगी नव्हती.

मग तिला पिवळा रुमाल दिसला.

ड्रायव्हर डोनाटस बाहेर व्हरांड्यात मोडका हात घेऊन पडला होता. तो तिच्याकडे बघेना.

"फाटकाबाहेर ओबिओमाने गाडी थांबवायला लावली, आंटी. तिकीट त्या बाईच्या हातात दिलं. म्हणाली, मी विमानाने जाते, आईला सांगू नको. फोन संध्याकाळपर्यंत बंद ठेवते, म्हणजे गाडीनेच आले असं वाटेल."

"त्या बाईचं नाव विचारलंस?"

"नाव तुम्ही विचारता, आंटी. आम्ही कुठे विचारतो?"

शवागाराच्या माणसाने नियम सांगितला. यादीत नाव नाही, नातेवाईक नाही, तर वीस दिवसांनी खड्डा. तो नियम तिला पाठ होता. आणि यादीत नसलेलं एकच नाव तिने आज ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर अवो-ओमामा लागतं. चर्चमागचं घर शोधावं लागलं नाही. अंगणात कोंबड्याची पिसं पडली होती, चुलीवर रस्सा उकळत होता आणि शेजारी पाट टाकून बसले होते.

"ही बघा, यादीवाली." म्हातारा लगबगीने उठला. "हिच्याच तोंडून देवाने मला निरोप दिला. बस पोरी, बस. तुझी मुलगी आणलीस का घरी?"

"माझी जिवंत आहे, पापा. ती गाडीत नव्हती."

अंगणात आनंदाचा गलका झाला. म्हाताऱ्याने ताटलीतली कोलाची बी उचलली, पाहुणीसाठी फोडायला. आज दोन्ही मुली वाचल्या म्हणून तो देवाला काहीबाही सांगू लागला. उगोयेला वाटलं, याला तो रस्सा तरी खाऊ द्यावा. पण खड्ड्याचे वीस दिवस आजपासूनच सुरू झाले होते. तिने पिशवीतून घडी घातलेली यादी काढली, गुडघ्यावर पसरली आणि नवव्या ओळीवर रेघ मारली.

"पापा," ती म्हणाली, "अकुओमाचं पूर्ण नाव सांगा. आणि नातेवाईक म्हणून कोणाला लिहू?"

ती बी म्हाताऱ्याच्या हातात तशीच राहिली.  मग त्याने मुलीचं नाव सांगितलं आणि त्यापुढे स्वतःचं.