चुनेवाल्या मॅडम

आमच्या बांधकाम विभागात सगळे इंजिनीअर कागदावर नकाशे काढत. मॅडम मात्र रस्त्यावर काढत, खऱ्या मापाचे आणि चुन्याने. ऑफिसात येत त्या निऱ्यांपर्यंत पांढऱ्या होऊन, आणि शिपाई फडके घेऊन त्यांच्या मागे फिरे. वर्ध्यात त्यांना सगळे चुनेवाल्या मॅडमच म्हणत.

मी त्यांच्या हाताखाली नवा होतो. मुलींच्या शाळेजवळच्या सायकल ट्रॅकचा पहिला नकाशा मोठ्या ऐटीत दाखवायला नेला. माझा हिरवागार ट्रॅक चौक आला की संपत होता. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय जी? पोरगी जिथं ट्रकखाली येते, तिथंच तुमचा ट्रॅक संपते? मंग काढला कायले, शोभेले?"

त्यांना ट्रॅक चौकातून आरपार न्यायचा होता. कोपऱ्यावर एक उंच ओटा बांधायचा, म्हणजे वळणारी गाडी हळू होईल आणि सायकलवाली ड्रायव्हरला समोर दिसेल. पण त्या कोपऱ्यावर ऑटो उभे राहत, पानठेला होता, आणि आमचे मोठे साहेब म्हणत, एवढ्याशा चौकात जागा आहेच कुठे?

"जागा हाये का नाई, ते रस्त्यालेच विचारू," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौकात ट्रॅक आणि ओटा चुन्याने आखला.

आता आमच्याकडे रस्त्यावर ताजा चुना दिसला, की लोक एकच समजतात: मंत्री येणार! बघता बघता ऑटोवाल्यांनी आपणहून ऑटो हलवले. पानठेलेवाल्याने ठेला मागे ढकलून पाणी शिंपडले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"मॅडम, कोन येऊन राह्यलं जी?"

"येतील नं. पाच वाजता येतील."

साहेबांनाही त्यांनी पाचलाच बोलावले. पाचला शाळा सुटली, आणि सायकलींवरून पोरींचा लोंढा आला. कोणी न सांगता त्या चुन्याच्या रेघांमधून वळल्या. एसटीचा ड्रायव्हर चुना पाहून बिचकला आणि आखलेल्या ओट्याला मोठा वळसा घालून हळूच गेला.

"मंत्री कुठं हाये?" पानठेलेवाला टाचा उंचावून पाहत होता.

"ह्या काय गेल्या नं समोरून!"

तो फुरंगटला. साहेब मात्र खो खो हसले आणि म्हणाले, "पाठवा प्रस्ताव."

काम सुरू झाले आणि मॅडमची बदली गडचिरोलीला झाली. निरोपाचा हार टेबलावर ठेवून त्या मला म्हणाल्या, "ठेकेदार म्हनन, ओटा थोडासा बारीक करू. करू नको देजो." ठेकेदार तसेच म्हणाला. मी जन्मात भांडलो नव्हतो तेवढा भांडलो. त्या दिवसांत मला मॅडमची फार आठवण यायची.

ट्रॅक खुला झाला त्या संध्याकाळी कोपऱ्यावरूनच त्यांना फोन लावला. वाटले, ओट्याचे माप विचारतील.

"पोरी कशा जाऊन राह्यल्या? भेत भेत, का बोलत बोलत?"

मी पाहिले. दोघी शेजारी शेजारी चालल्या होत्या. बाजूने ट्रक वळत होता आणि दोघींतली एक, हँडलवरचा हात सोडून, मैत्रिणीला कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. मी तसे सांगितले.

 पलीकडे मॅडमनी नाक ओढले.

"मंग झाला ट्रॅक," त्या म्हणाल्या.