केरबा आणि हौद्यातली मूठभर माती

पिकअपमधून माती उतरवायला अक्कल लागत नाही, असं ज्याला वाटतं त्याने आमचा केरबा पाहायला हवा होता. चंदगडकडचा हा गडी गोव्यात तुयेला कारखान्यांच्या बांधकामावर आला आणि माझ्या नवऱ्याच्या, शांतारामच्या पिकअपवरच कामाला राहिला. खाली खडी आणि वर माती भरायची तर मध्ये गोणपाट अंथरणार. दोन्हींची सरमिसळ झाली की याचं डोकं फिरलंच. आणि हौदा कधी पुरता रिकामा करायचा नाही. मूठभर माती कोपऱ्यात ठेवायचाच.

"गाडी मोकळी धाडू नये, वैनी. काम वाट विसरतं," म्हणायचा. मी त्याची खूप थट्टा केली.

गोवा राज्य होऊन पाचेक वर्षं झाली असतील. केरबाच्या लेकीचं, राणीचं लग्न ठरलं. भाड्याच्या एका खोलीपुढे मांडव घालणार कुठे? माझ्या सासूबाईंनी, जानकीबाईंनी आपणहून आमचं अंगण देऊ केलं. फक्त नवीन माती घालून, चोपून ते त्याने करून घ्यायचं. केरबाचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते.

लग्नाच्या चार दिवस आधी तो हळर्ण गावाहून माती घेऊन आला. हौद्याचा मागचा फाळका पाडून फावडं उचललं, तोच सासूबाई पुढे आल्या. मातीत भोकाभोकांची ढेकळं दिसत होती.

"पडकं वारूळ होतं," केरबा कौतुकाने म्हणाला. "लई चिवट माती. भेगा न्हाई पडायच्या."

"केरबा, वारूळ म्हणजे आमची सातेरी देवी. देवीक पायाखाली घालून चेडवाचा लगीन लावतलंस? माझ्या आंगणात ही माती पडूची नाय."

केरबाचं तोंड उतरलं. मुलीचं लग्न त्या एका वाक्यात मोडल्यासारखा तो बघत राहिला. मला सासूबाईंचा राग आला.

तो वाद घालत बसला नाही. दुपारभर हौद्यात ओणवा होऊन एकेक ढेकूळ वेचलं, उरलेली माती खडीच्या चाळणीतून काढली. ढेकळांच्या चार टोपल्या भरल्या. त्या परत हळर्णला न्यायला निघाला, तर सासूबाई नारळ घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसलेल्या. तिथे केरबाने ढेकळं दोन्ही हातांनी वारुळाच्या जागेवर ठेवली. सासूबाईंनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता घाल आंगण."

लग्न झकास झालं. राणीला सासरी न्यायला तीच पिकअप होती. लेकीसाठी केरबाने हौदा असा धुतला होता की मातीचा कणसुद्धा शिल्लक नव्हता. राणी चढून बसली. सासूबाई वाकल्या, मांडवाच्या कडेची मूठभर माती उचलली आणि तिच्या पायांशी हौद्याच्या कोपऱ्यात ठेवली.

"गाडी मोकळी धाडू नये मां, केरबा? चेडवाक ही वाट याद रवांदे."

इतकी वर्षं तो फाळका उघडणाऱ्या-लावणाऱ्या केरबाला त्या दिवशी त्याची कडी काही केल्या सापडेना. शेवटी मीच लावली.