कारखान्याचं स्थळ

महाळुंग्याचे धर्माजी लग्नं जुळवायचे. पिंपरीला औषधांचा कारखाना आला आणि ते नोकऱ्याही जुळवू लागले. पद्धत तीच. कसला माणूस हवा ते कारखान्यात विचारायचं, गावोगाव हिंडायचं आणि साजेसा पोरगा दिसला की त्याला धुतलेल्या टोपीत साहेबापुढं उभा करायचा. मोबदला म्हणजे दोन्हीकडचा चहा. धर्माजींचा पिंडच चहावर पोसलेला.

छप्पन्न साली भाच्याची, मुरारीची, पाळी आली. माणसं निवडणारे उद्धवराव म्हणाले, "धर्माजी, तुमचे सडेफटिंग सुगी आली की पळतात. लग्न ठरलेला तरी आणा."

"ठरलंय की! चाकणच्या सगुणाबाईची लेक!" धर्माजी बोलून गेले आणि तडक चाकणला पळाले.

मुरारीनं त्या पोरीला बाजारात पाहिलं होतं. तिनंही त्याला पाहिलं होतं, जरा जास्तच. पण सगुणाबाई पक्की.

"पोरगा कंपनीत हाय," धर्माजी म्हणाले.

"मग कागद दावा."

कागद लग्न ठरल्यावर मिळणार, लग्न कागद दिसल्यावर ठरणार! 

"मामा, माझं आधी काय व्हनार?" मुरारीनं विचारलं.

"गप रं. इचार करतुया."

दुसऱ्या दिवशी मुरारीला बरोबर घेऊन धर्माजींनी सगुणाबाईंनाच उद्धवरावांपुढं नेऊन बसवलं आणि दोन्ही थापा एकदम कबूल केल्या. उद्धवरावांच्या कपाळावरची शीर ताठली. पण ते काही बोलायच्या आत सगुणाबाईंनी पदर सावरला. मुलीकडची बाई ती. समोर बसली की बोलणी सुरू!

"सायेब, पान्याची सोय हाय?"

"नळ आहेत."

"सनावाराला पोराला सोडता?"

"रजा असते."

"आन् तुमी रागीट हाय का?"

उद्धवराव गडबडले. आजवर प्रश्न त्यांनीच विचारले होते. "थोडासा," ते पुटपुटले. दारातला शिपाई खोकला. "बराच," उद्धवरावांनी दुरुस्ती केली.

"खरं बोलत्यात," सगुणाबाई धर्माजींना म्हणाल्या. "स्थळ चांगलं हाय. माझी ना न्हाई."

उद्धवरावांना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी मुरारीच्या कागदावर सही केली. शाई वाळायच्या आत धर्माजींनी खिशातली सुपारी काढून टेबलावर ठेवली आणि साहेबांच्याच पेपरवेटनं फोडली. मुरारी टोपी सावरत नुसता लाजत राहिला.

मग चहा आला. मुलीकडचा नि कारखान्याचा, दोन्हीकडचा एकाच किटलीत.

"म्हंजे माझा एक कप बुडालाच की!" धर्माजी म्हणाले.