हिरव्या कडेचं भोक

रफूचा धंदा मोठा विचित्र. इतरांचं काम दिसलं की वाहवा होते, रफूवाल्याचं काम दिसलं की तक्रार येते. तिच्याकडे सत्तावीस वर्षांत तक्रार आली नव्हती, म्हणजे काम उत्तम चाललं होतं असं समजायचं. दुकान कसलं, एक खिडकी, खिडकीला लागून टेबल, आणि समोर स्टूल. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पायरीवर थांबावं लागे. सगळे तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

दुकान बाबांचं. चौदाव्या वर्षी त्यांनी तिच्या हातात सुई दिली आणि तिच्याबरोबर दोन नियम दिले. पहिला, भोक आधी वाचायचं, मग भरायचं. ठिणगीने पडलेल्या भोकाची कड कडक आणि काळपट असते. कसरीने खाल्लेल्याच्या आजूबाजूचं कापडही विरलेलं असतं. खिळ्यात अडकून फाटलेलं तीन कोनी असतं. भोक कसं पडलं हे कळलं की ते कसं भरायचं हे आपोआप कळतं. दुसरा नियम, सुईवर बसताना डोळ्यांना चष्मा लावायचा नाही. रफूवाल्याने चष्मा लावला की गिऱ्हाईक रफू शोधायला लागतं, आणि शोधणाऱ्याला काहीही सापडतं, असं बाबांचं म्हणणं.

पहिला नियम शहाणपणाचा होता. दुसरा निव्वळ हट्टाचा, पण बाबा त्याला जागले. एकोणपन्नासाव्या वर्षी एका सकाळी तीन वेळा धागा सुईच्या बाजूने गेला. त्यांनी सुई सुयांच्या छोट्या गादीत खुपसली, डबा बंद केला, दुकानाची किल्ली तिच्यापुढे ठेवली आणि घरी गेले. चष्मा करा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तेव्हापासून ते दादा-वहिनींच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीशी बसून असायचे. पेपरही वाचून घ्यायचे तो वहिनीकडून. कोणी विचारलं तर म्हणत, बघण्यासारखं आता उरलंय काय? दर रविवारी ती त्यांच्याकडे जाई आणि आठवड्यातलं एखादं अवघड काम दाखवायला नेई. ते त्यावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "बरं आहे." सत्तावीस वर्षं, दर रविवारी, "बरं आहे." बाबांनी एकदा तरी चूक काढावी म्हणून ती किती आसुसली होती, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

सुरुवात दिव्यापासून झाली. दुकानातला दिवा मंद वाटायला लागला म्हणून तिने तो बदलला. मग पुन्हा बदलला. तिसऱ्या वेळी दिवेवालाच म्हणाला, ताई, यापेक्षा जास्त उजेड हवा असेल तर भिंत पाडा. मग धाग्यांचं नशीब फुटलं. हल्लीचे धागे फुसके, हल्लीच्या सुयांची नेढी चोंदलेली, हल्लीची औषधाची पाकिटं तर मुंग्यांनी वाचावीत म्हणूनच छापलेली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती.

नवरा लायब्ररीत कारकून. तिसरीपासून चष्मा लावलेला माणूस. त्याच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, चष्मा असलेली आणि कबूल न करणारी. तो एकदाच म्हणाला, "चाळिशी आलीय तुला. उशिराच आली म्हणायची." ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

तिने आपली तोड काढली. सकाळी गॅलरीत कोवळं ऊन यायचं, तेव्हा हात लांब करून, श्वास रोखून ती वीस सुया ओवून ठेवायची आणि सुयांची ती गादी दुकानात न्यायची. दिवस निभायचा. कधी कधी चौदा-पंधरा सुयांवरच डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती कंटाळून चहाला उठायची. पण दुकानात गेल्यावर मोजल्या तर सुया वीसच निघायच्या. आपली मोजण्यात चूक होते, असं ती स्वतःला सांगायची. बाकी काम बोटांवर चाललं होतं. बोटं काय, चौतीस वर्षांची मुरलेली. फक्त रात्री अंथरुणाला पाठ टेकली की बाबांची ती खिडकी तिच्यासमोर यायची. आपलंही एक वर्ष उरलंय, मग आपणही अशाच एका खिडकीशी. तिला मनापासून भीती वाटायची. सुईशिवाय करायचं काय, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

अशात सोमवारी बागवाले काका कोट घेऊन आले. शहराच्या मोठ्या बागेचे ते मुख्य माळी. तीस वर्षं नोकरी झाली, शुक्रवारी निरोपाचा समारंभ. कोट गडद राखाडी, लोकरीचा. बाहीवर वाळका पाला जाळताना उडालेल्या ठिणग्यांची दोन भोकं, खाली काठाशी कसरीचं एक. "असतील नसतील तेवढी भोकं बुजवून टाका ताई. शुक्रवारी सगळे माझ्याकडेच बघणार," असं सांगून ते गेले.

माणसाने असं मोघम बोलू नये. पण ते माळी होते, त्यांना काय ठाऊक.

तिन्ही भोकं मंगळवारपर्यंत भरून झाली. बुधवारी दुपारी शेवटचा हात फिरवताना कॉलरच्या डाव्या पट्टीवर बोटाला चौथं भोक लागलं. लहानसं, उभट. उजेडात धरून पाहिलं, तर राखाडीत राखाडी. कसरीचं असेल, म्हणून तिने जास्त निरखून पाहिलं नाही. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले आणि ती बसली. उभे धागे, मग त्यांतून एक खाली एक वर आडवे. डोळे जवळजवळ मिटलेलेच होते. दीड तासाने तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि तिला आपलंच काम सापडेना. इतकं सुंदर काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. संध्याकाळी काका कोट घेऊन गेले. घरी जाऊन तिने नवऱ्याला फुशारकीने सांगितलंसुद्धा की डोळेबिळे सगळं झूट आहे, कला बोटांत असते.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच बागवाले काका पायरीवर उभे. एका हातावर कोट, दुसऱ्या हातात पांढरं फूल. चेहरा असा की घरी काही वाईट घडलं असावं.

"ताई, हे फूल जरा मला लावून दाखवता का?" ते म्हणाले.

तिला कळेना. तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. तीस वर्षं रोज सकाळी बागेतलं एक फूल तोडून ते कोटाला लावत. या कोटाला फुलासाठी काज कधी नव्हतंच, पण रोज देठ खोचून खोचून जागा तयार झाली होती. काल संध्याकाळी त्यांनी कोट चढवला, फूल घेतलं आणि आरशासमोर गेले. "जागाच सापडेना हो. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बायकोला विचारलं, मी फूल कुठे लावतो गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, नोकरी सुटायच्या आधी माझं डोकंच सुटलं. रात्रभर झोप नाही."

कोट घेऊन ती खिडकीशी गेली, पट्टी जवळ धरली, लांब धरली, वाकडी धरली. राखाडीत राखाडी. काही तरी थाप मारून वेळ मारून नेता आली असती. पण समोरचा म्हातारा स्वतःला वेडा समजून बसला होता, आणि ते तिला सहन होईना.

"काका, तुमचं डोकं शाबूत आहे," ती म्हणाली. "मला दिसत नाहीये. वर्ष झालं, मला जवळचं दिसत नाही."

एवढंच वाक्य, पण ते म्हणायला तिला वर्ष लागलं होतं. काकांना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी खिशातून आपला चष्मा काढला, एक काडी झाडं बांधायच्या सुतळीने बांधलेला, सदऱ्याला पुसला आणि पुढे केला. तिने आधी दाराकडे पाहिलं, जणू बाबा येऊन उभे राहणार होते, आणि मग तो नाकावर चढवला.

धागे एकेक करून सुटे झाले. तिला आपलीच बोटं आधी दिसली, टोकांवर सुईच्या खुणांची बारीक जाळी, आणि ती क्षणभर त्यांच्याकडेच बघत राहिली. मग पट्टीकडे वळली. तिच्या त्या अप्रतिम रफूभोवती, राखाडी लोकरीत, एक फिकट हिरवी कड होती. तीस वर्षांच्या देठांचा रस. चांगल्या डोळ्यांना ते भोक एका नजरेत वाचता आलं असतं, की बाई, मला हात लावू नकोस, मी रोजच्या वापरातलं भोक आहे. तिने न वाचताच भरलं होतं. बाबांचा दुसरा नियम पाळण्याच्या नादात पहिला मोडला होता. गेल्या वर्षभरात आणखी काय काय असं न वाचता भरलं असेल, या विचाराने तिला शरम वाटली. आणि मग स्वतःचीच करामत आठवून हसू आलं, ते आवरेना. काकाही हसायला लागले. डोकं जागेवर आहे म्हटल्यावर माणसाला कशाचंही हसू येतं.

उसवायला अर्धा तास लागला, कारण चष्मा असूनही सुरुवात कुठे केली ते तिला लवकर सापडत नव्हतं. भोक मोकळं झाल्यावर तिने त्याची कड बारीक टाक्यांनी बांधून घेतली, म्हणजे आणखी तीस वर्षं ते विरायला नको. हिरवा रंग तसाच ठेवला. मध्येच एक बाई शाल न्यायला आल्या. ताईंना चष्म्यात बघून थबकल्या. बाई म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही चष्मा केलात. मग माझं बारीक काम आता तुमच्याकडेच आणते. इतके दिवस सांगायला संकोच वाटत होता." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ कधीपासून उघडीच होती असं दिसलं.

फूल कोटात जाऊन बसलं. काका दोनदा शेजारच्या दुकानातल्या आरशात बघून आले, मग दारात घुटमळत म्हणाले, "ताई, माझा चष्मा." तो तिच्या नाकावरच राहिला होता.

त्याच संध्याकाळी ती चष्म्याच्या दुकानात गेली. नवऱ्याच्या फ्रेमची किंमत विचारायला आलेय, असं तिने सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही शेवटचीच खेप. दुकानदाराने किंमत सांगितली आणि शांतपणे तिच्यासाठी खुर्ची ओढली.

शनिवारी सकाळी नवा चष्मा लावून ती गॅलरीत गेली, तेव्हा काल ओवलेल्या सुया गादीत तशाच होत्या, काकांच्या समारंभामुळे काल दुकान उघडलंच नव्हतं. तिने पहिल्यांदाच त्या नीट पाहिल्या. ती धागा दातांनी तोडते, त्यामुळे टोक पिंजतं. चौदा सुयांचे धागे तसे होते. उरलेल्या सहांची टोकं कात्रीने सरळ कापलेली. ती स्वयंपाकघरात गेली. नवरा चहा गाळत होता.

"किती महिने?" तिने विचारलं.

"मोजले नाहीत," तो म्हणाला. "लायब्ररीत असतो मी, गप्प बसायची सवय आहे." ती त्याच्या पाठीला डोकं टेकून थोडा वेळ उभी राहिली. चहा जरा जास्तच कडक झाला त्या दिवशी.

रविवारी ती बाबांकडे निघाली. लांबचं त्यांना अजून झकास दिसायचं, गल्लीच्या टोकापासून त्यांनी तिचा चष्मा पाहिला असणार. ती खोलीत आली तेव्हा ते तोंड फिरवून बाहेर बघत होते. मांडीवर त्यांची जुनी तपकिरी शाल. तिने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. समोर बसून हिरव्या कडेच्या भोकाची गोष्ट सांगितली, न वाचता भरलं हेही सांगितलं. मग तिने आपला चष्मा काढला आणि त्यांना न विचारता त्यांच्या नाकावर ठेवला.

ते झटकून टाकतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी हात वर नेलासुद्धा, पण वर नेलेला हात त्यांना डोळ्यांसमोर दिसला आणि ते थांबले. तळहात पाहिला, उलटा करून पाहिला. मग नजर मांडीवरच्या शालीवर उतरली. शाल थोडी लांब सरकवून ते काठाकाठाने बघत चालले. वहिनी चहा ठेवून गेली, तो निवला. शेवटी एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"हे तुझं काम?"

"हो. पाच वर्षं झाली."

"पाच वर्षं माझ्या मांडीवर आहे हे?" त्यांनी शाल पुन्हा लांब धरली. "इथे बघ. चौथा धागा. खालून जायला हवा होता, वरून नेलायस. अंगठ्याला लागत नाही, पण आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने आलं, दुसऱ्या कशाने नाही.

"चुकलं, बाबा," ती म्हणाली.

"मग असंच ठेवायचं का? सुई आण."

सुया तिच्या पिशवीत होत्याच. तिने एक काढून दिली. बाबांनी तिच्यातला ओवलेला धागा ओढून बाहेर काढला, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुई खिडकीच्या उजेडात उचलली. तिचा चष्मा त्यांच्या नाकावर होता, त्यामुळे तिला सुई दिसत नव्हती आणि धागाही दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त दोन हातांची अंधूक हालचाल. ती श्वास रोखून बसून राहिली.

"ओवली," बाबा म्हणाले.