ताप यावा म्हणून

आणीबाणी उठली त्या सुमारास माझी धाकटी बहीण कबनूरहून कोडोलीला माहेरी आली, ती चांगली गुबगुबीत होऊन. सासरी घरातच यंत्रमाग. त्या सुताच्या धुळीनं तिला दमा जडला होता, चार पावलं चालली की धाप. आणि आता गाल बघावेत तर चेंडू! अख्खी गल्ली बघायला आली. "बया बया, सासर मानवलं की गं पोरीला!" आईनं तर रोज मीठमिरच्या ओवाळायचा सपाटाच लावला. दम्यावर कुणा डॉक्टरनं दिलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्यांचा हा गुण. धाप थांबली, भूक वाढली. आम्हाला आणखी काय पाहिजे होतं?

मग खोकला लागला. थुंकीतून रक्त पडायला लागलं. अंगाला हात लावावा तर गार. आई म्हणायची, "ताप न्हाय न्हवं? मग काळजी न्हाय." मी शहरात, शाहूपुरीत राहायचे. ऐकलं तशी जाऊन तिला घेऊनच आले आणि दवाखान्यात भरती केलं. थुंकी तपासली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात बुरशी वाढलीय.

"बुरशी लोणच्याला लागती, डॉक्टर. जित्त्या माणसाला कशी लागंल?" आई भांडायलाच उठली.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, बुरशीचे कण हवेतून आपण सगळेच रोज आत ओढतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते गिळून टाकतात. झुंज मोठी झाली की अंग तापतं. या गोळ्यांनी दमा दबला, तशा त्या पेशीही मंदावल्या, म्हणून ताप नाही. तोंडावरची सूजसुद्धा गोळ्यांचीच.

"मग बंद करा की त्या मेल्या गोळ्या!" मी ओरडले.

तर म्हणे, एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल, हळूहळूच कमी करायला लागतील. घ्या! ठेवल्या तर बुरशी खाणार, काढल्या तर जीव जाणार. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आईनं तिथंच जोतिबाला हात जोडले. जन्मभर आमचे ताप उतरावेत म्हणून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणारी ती बाई म्हणाली, "देवा, माझ्या पोरीला ताप येऊ दे."

मुंबईहून औषध मागवलं, ते सलाईनमधून चढवलं. थोड्याच वेळात बहीण थडाथडा कापायला लागली, अंग भाजायला लागलं. आईनं तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं बघून किती दिवसांनी हसली. "आला! आक्का, ताप आला! झुंजाया लागली बघ पोरगी!"

डॉक्टरांनी नाडी बघितली. आईकडं न बघताच म्हणाले, "हा औषधाचा ताप आहे, मावशी. तिचा नाही."

बहीण पुढच्या आठवड्यात गेली. औषध चढवलं त्या दुपारी मात्र सलाईन संपलं, ताप उतरायला लागला, तेव्हा आई तिच्या अंगावर घोंगडं ओढत होती. "धर गं आक्का, दाबून धर. जाऊ दिऊ नगंस त्येला."

मी दाबून धरलं.